असंख्येय : एका संख्येचा इतिहास आणि गणित

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असते, तेव्हा केव्हा ना केव्हा 'चार असंख्येय आणि एक लक्ष कल्प' हे शब्द कानी पडतात. सुमेध तापसाने दीपंकर बुद्धांच्या समोर बुद्धत्वाचा संकल्प केला आणि त्या संकल्पाच्या पूर्तीस एवढा काळ लागला, असे बुद्धवंस आणि जातकट्ठकथेची निदानकथा सांगतात. हे शब्द ऐकताच वडीलधारी मंडळी हात जोडतात. शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुले मात्र एकमेकांकडे पाहतात, आणि वाचन संपल्यावर त्यांतील एखादा विचारतो : असंख्येय म्हणजे मोजताच येत नाही असे, मग ते 'चार' कसे मोजले?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आमच्या मते तो अत्यंत रास्त प्रश्न आहे, आणि तो आजचा नसून किमान पंधराशे वर्षांचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी घालून दिली आहे. जे बुद्धिसंगत आहे, तर्काला धरून आहे, तेच तथागतांचे म्हणून स्वीकारण्यास पात्र समजावे, हा तिचा आशय. ही कसोटी मानणाऱ्या वाचकाने ग्रंथांतील प्रचंड संख्यांचे काय करावे? त्या पुराणातल्या भाकडकथांच्या रांगेत बसवून टाकून द्याव्यात, की हात जोडून न विचारता स्वीकाराव्यात? अलीकडे तिसरीही एक वाट दिसू लागली आहे. आपल्या पूर्वजांना आधुनिक विज्ञान आधीच ठाऊक होते, असे या संख्यांच्या आधारे छाती फुगवून सांगण्याची ती वाट आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या तिन्ही वाटा बाजूस ठेवून असंख्येय ही संख्या म्हणून तपासणार आहोत : तिचे मूल्य काय, ते कोणी व केव्हा ठरविले, आणि तिचे गणिती गुणधर्म कोणते.

'सोपे नाही' आणि 'शक्य नाही'

आरंभ सुत्तपिटकापासून करणे योग्य. संयुत्तनिकायातील अनमतग्गसंयुत्तात एक भिक्खू तथागतांना विचारतो की, कल्प किती दीर्घ असतो? तथागत उत्तर देतात की, तो इतकी वर्षे, इतकी शते वर्षे, इतकी सहस्रे वर्षे असे मोजणे सोपे नाही. मूळ पालीत 'न सुकरं' असा शब्द आहे. भिक्खू पुन्हा विचारतो की, उपमा देता येईल काय? तथागत म्हणतात, देता येईल. मग एक योजन लांब, एक योजन रुंद आणि एक योजन उंच अशा लोखंडी तटाच्या नगराची उपमा येते. ते मोहरीने काठोकाठ भरलेले आहे आणि शंभर वर्षांतून एकदा एक दाणा उचलला जातो. ती रास संपेल, पण कल्प संपणार नाही.

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात कल्पाचे चार असंख्येय भाग सांगितले आहेत, तेथेही शब्दयोजना हीच आहे : वर्षांत मोजणे सुकर नाही. येथे असंख्येय हे एखाद्या ठरावीक आकड्याचे नाव नाही. ते मोजण्यातील अडचणीचे वर्णन आहे. 'सोपे नाही' आणि 'शक्य नाही' यांतील अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील सर्व इतिहास त्या अंतरात घडला आहे.

संयुत्तनिकायातील खेमा थेरींचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. कोसलनरेश पसेनदी त्यांना विचारतो की, मरणानंतर तथागत असतात की नसतात? खेमा थेरी उलट प्रश्न करतात : महाराज, गंगेच्या वाळूचे कण इतके आहेत असे सांगू शकेल असा एखादा गणक, मुद्रिक किंवा संख्यायक आपल्या पदरी आहे काय? राजा 'नाही' म्हणतो. गणक म्हणजे हिशेबनीस, मुद्रिक म्हणजे बोटांच्या खुणांनी मोजणारा आणि संख्यायक म्हणजे मोठ्या राशींचा अदमास करणारा. एका भिक्खुणीच्या तोंडी राजदरबारातील या तीन व्यावसायिकांची नावे सहज येतात, यावरून गणना हा त्या काळी किती परिचित व्यवसाय होता हे दिसते. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लानसुत्तात तर मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण गणक स्वतःच सांगतो की, आम्ही शिष्याला प्रथम एक एकक, दोन दुक, तीन त्रिक असे करीत शंभरापर्यंत मोजायला लावतो. आपल्याकडील पाढ्यांचीच ही आठवण! तथागत त्याच दाखल्यावरून धम्माचे शिक्षणही पायरीपायरीनेच होते, हे त्याला पटवून देतात.

वाळूच्या कणांचा प्रश्न जगात अन्यत्रही विचारला गेला. इ.स. पूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक गणिती आर्किमिडीज याने, त्या काळच्या कल्पनेतील संपूर्ण विश्व वाळूने भरले तरी कण १ वर ६३ शून्ये या संख्येपेक्षा अधिक होणार नाहीत, असे गणित मांडले. खेमा थेरींचा हेतू निराळा होता. जे मापाच्या पलीकडे आहे त्याला मापात बसविण्याचा हट्ट सोडावा, हे त्यांना सांगावयाचे होते. परंतु वाळू मोजण्याचे साधन म्हणून मोठ्या संख्यांना नावे द्यावीत, ही ओढ दोन्हीकडे निर्माण झाली.

एकाच नावाची तीन मूल्ये

विशेषणाचे संख्यानाम कसे झाले, हे आता पाहू. पाली परंपरेत कच्चायनाच्या व्याकरणात आणि पुढे बाराव्या शतकात श्रीलंकेत मोग्गल्लान थेरांनी रचलेल्या 'अभिधानप्पदीपिका' या कोशात संख्यांची एक माला येते. कोटि, पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत, निन्नहुत, अक्खोहिणी, बिन्दु, अब्बुद, निरब्बुद, अहह, अबब, अटट, सोगन्धिक, उप्पल, कुमुद, पुण्डरीक, पदुम, कथान, महाकथान आणि असंख्येय्य अशी ती वीस नावे आहेत. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या एक कोटी पट आहे. कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये. म्हणून विसावी पायरी, म्हणजे असंख्येय्य, १ वर १४० शून्ये एवढी होते.

या मालेतील अब्बुदपासून पदुमापर्यंतची बरीच नावे कोकालिकसुत्तात निरयांची नावे म्हणून येतात. तेथे गुणक कोटी नसून वीस आहे. वीस अब्बुद म्हणजे एक निरब्बुद, असे करीत दहाव्या नावापर्यंत, म्हणजे पदुमापर्यंत जाता पदुम हे अब्बुदाच्या ५१,२०० कोटी पट होते. निरयाच्या कल्पनेने आमच्या वाचकांपैकी अनेकांना अवघडल्यासारखे होईल. परंतु अट्ठकथाकारांनीच स्पष्ट केले आहे की, हे स्वतंत्र निरय नव्हेत, ही काळाच्या गणनेची नावे आहेत. म्हणजे परंपरेच्या आतच ही नावे भयाच्या प्रदेशातून गणिताच्या प्रदेशात आणली गेली. निळे कमळ, कुमुद, श्वेतकमळ, पद्म या तळ्यातल्या फुलांची नावे अखेर केवळ शून्यांच्या संख्या दर्शवू लागली.

दुसरे मूल्य आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशभाष्या'त मिळते. विहारातील मुलांचा प्रश्न तेथे जवळजवळ जसाच्या तसा उपस्थित केला आहे : कल्प असंख्येय असतील तर ते तीन कसे म्हणता येतील? वसुबंधू मुक्तक सूत्राच्या आधारे उत्तर देतात की, असंख्येयाचा अर्थ मोजता न येणारे असा घेऊ नये. संख्येची साठ स्थाने आहेत आणि असंख्य हे त्यांतील एका स्थानाचे नाव आहे. एक, दहा, शंभर असे दहापटीने चढत गेल्यास साठावे स्थान म्हणजे १ वर ५९ शून्ये. या यादीची आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. साठ स्थाने म्हणूनही प्रत्यक्षात बावन्नच नावे दिली आहेत आणि मधली आठ विस्मृत झाली, असे भाष्यात नमूद केले आहे. नवी आठ नावे रचून जागा भरणे अवघड नव्हते. तसे न करता विस्मरणाची नोंद ठेवली गेली. अभ्यासकाचा प्रामाणिकपणा याहून वेगळा काय असतो?

तिसरे मूल्य महायान परंपरेतील अवतंसक सूत्रात आहे. या सूत्राचा ऐंशी गुंडाळ्यांचा चिनी अनुवाद खोतानचे भिक्खू शिक्षानन्द यांनी इ.स. ६९५ ते ६९९ या काळात केला. त्यातील गणनेची रीत पूर्णपणे निराळी आहे. शंभर लक्ष म्हणजे एक कोटी. आणि येथून पुढे प्रत्येक संख्येला तिनेच गुणावयाचे. कोटी गुणिले कोटी ही पुढची पायरी; त्या पायरीला तिनेच गुणले की त्यापुढची. अशा रीतीने शून्यांची संख्या दर पायरीला दुप्पट होते : ७, १४, २८, ५६, ११२. कोटीनंतरच्या १०३ व्या पायरीवर असंख्येय येते. त्यात शून्ये किती, हे ७ ला १०३ वेळा दुप्पट करून काढता येते. ती संख्या अशी :

७,०९,८८,४३,३६,१२,७८,०८,४६,४८,३८,१५,३७,९५,०१,०५६.

ही असंख्येयाची किंमत नव्हे, त्यातील शून्यांची संख्या आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एका सेकंदाला एक शून्य या गतीने कोणी अखंड लिहीत बसला, तर लागणारा काळ विश्वाच्या आजच्या अंदाजित वयाच्या, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या, दीड कोटी-कोटी पटींहून अधिक होईल. आणि सूत्र येथेही थांबत नाही. असंख्येयापुढे अप्रमेय, अनन्त, अनभिलाप्य अशी नावे चढत जातात.

ही तीन मूल्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. दृश्य विश्वातील अणूंची संख्या आज ढोबळमानाने १ वर ८० शून्ये एवढी मानली जाते. वसुबंधूंचे असंख्येय तिच्याहून लहान आहे, पालीतील असंख्येय्य तिच्याहून मोठे आहे, आणि अवतंसकातील असंख्येय या तुलनेच्या कक्षेतच राहत नाही. जपानी भाषेत तर हाच शब्द 'असोगी' या रूपाने आजही संख्यानाम आहे आणि तेथे त्याची रूढ किंमत १ वर ५६ शून्ये आहे. त्याच्या खालचे एक नाव 'गोगाशा', म्हणजे गंगेची वाळू, १ वर ५२ शून्ये! खेमा थेरींनी जिला संख्या देता येणार नाही म्हणून सांगितले, तिला पूर्वेकडील गणकांनी अखेर ठरावीक संख्या देऊन टाकली.

तेव्हा 'असंख्येय म्हणजे किती?' या प्रश्नास एकच उत्तर नाही. कोणत्या ग्रंथातील असंख्येय, हे आधी विचारले पाहिजे. बुद्धवंसातील चार असंख्येयांना कच्चायनाच्या व्याकरणातील किंमत लावणे हे नंतरच्या काळाचे माप आधीच्या कापडाला लावण्यासारखे आहे.

न लिहिता केलेले गणित

जी संख्या लिहून काढणे कोणालाही शक्य नाही, तिच्याविषयी निश्चित असे काही जाणता येईल काय? येईल, आणि त्यासाठी कागदाचा एक कपटा पुरतो.

तिन्ही असंख्येये १ वर शून्ये या स्वरूपाची आहेत, म्हणजे ती दहालाच पुनःपुन्हा गुणून झाली आहेत. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. म्हणून कितीही प्रचंड असले तरी असंख्येयाच्या पोटात दोन आणि पाच यांच्याखेरीज तिसरा मूळ अवयव सापडणार नाही. वसुबंधूंच्या असंख्येयात ५९ दोन आणि ५९ पाच आहेत. त्याला निःशेष भागणाऱ्या संख्या ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० आहेत. पाली असंख्येय्याचे असे भाजक १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ आहेत.

आता असे समजू की एक असंख्येय दाणे सात भिक्खूंत समान वाटावयाचे आहेत. सात हा दोन किंवा पाच यांपासून बनत नाही, तेव्हा वाटणी समान होणार नाही हे उघड आहे. पण उरतील किती? १० ला ७ ने भागले तर बाकी ३, १०० ला २, १,००० ला ६, १०,००० ला ४, १,००,००० ला ५ आणि १०,००,००० ला १. येथून पुढे ३, २, ६, ४, ५, १ हेच चक्र फिरत राहते. चक्र सहा पायऱ्यांचे आहे; म्हणून शून्यांच्या संख्येला सहाने भागून उरलेली पायरी पाहिली की झाले. ५९ ला ६ ने भागता ५ उरतात. पाचवी पायरी ५. म्हणून वसुबंधूंच्या असंख्येयातून पाच दाणे उरतील. १४० ला ६ ने भागता २ उरतात. दुसरी पायरी २. म्हणून पाली असंख्येय्यातून दोन दाणे उरतील.

अवतंसकातील असंख्येयाचे काय? त्यातील शून्ये म्हणजे सातची १०३ वेळा केलेली दुप्पट. २, ४, ८, १६, ३२ यांना सहाने भागले तर बाकी २, ४, २, ४, २ अशी आलटून पालटून येते. १०३ ही विषम संख्या, म्हणून बाकी २. साताला सहाने भागता बाकी १. एक गुणिले दोन म्हणजे दोन. पुन्हा चक्राची दुसरी पायरी. पुन्हा दोन दाणे उरतात. विश्वाच्या आयुष्यातही जी लिहून होणार नाही, त्या संख्येची सातांत वाटणी केली तर नेमके दोन दाणे उरतील, हे इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्याला सिद्ध करता येते.

आणखी एक गुणधर्म सांगण्यासारखा आहे. वसुबंधूंचे असंख्येय पूर्ण वर्ग नाही, कारण ५९ चे दोन समान भाग होत नाहीत. पाली असंख्येय्य पूर्ण वर्ग आहे, आणि त्याचे वर्गमूळ त्याच मालेत नावानिशी सापडते. मालेतील दहावे नाव अहह, म्हणजे १ वर ७० शून्ये. अहह गुणिले अहह म्हणजेच असंख्येय्य. अवतंसकातील असंख्येयाचे वर्गमूळ तर लागोपाठ १०३ वेळा काढता येते, आणि शेवटी हाती येते ती साधी कोटी. पुढे एकदाही नाही, कारण सात हा विषम आहे. बाजारात, सारापट्टीत, जनगणनेत नित्य वापरली जाणारी कोटीच त्या अगम्य वाटणाऱ्या संख्येच्या मुळाशी उभी आहे.

सातांची उतरंड

मोठ्याकडे चढण्याप्रमाणे लहानाकडे उतरण्याचीही रीत बौद्ध ग्रंथांत आहे. ललितविस्तराच्या शिल्पसंदर्शन परिवर्तात, गोपेशी विवाह ठरण्यापूर्वी सिद्धार्थाची विद्यांत परीक्षा घेतली जाते, आणि अर्जुन नावाचा गणकमहामात्र त्याला गणनेत पारखतो. (महाभारतातील अर्जुनाचा येथे संबंध नाही.) सिद्धार्थ कोटीपासून शंभरपटीने तेवीस पायऱ्या चढून 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत, म्हणजे १ वर ५३ शून्ये येथपर्यंत जातो. या ग्रंथाचे चिनी अनुवाद इ.स. ३०८ आणि ६८३ मध्ये झाले. ही कथा सिद्धार्थ गौतमाच्या चरित्राचा पुरावा नव्हे. तिचे रचनाकार ज्या समाजात वावरत होते तेथे गणिताला शस्त्रविद्येच्या बरोबरीचा मान होता, याचा मात्र ती निःसंशय पुरावा आहे.

नंतर अर्जुन परमाणुरजाची गणना विचारतो. सात परमाणुरज म्हणजे एक रेणू, सात रेणू म्हणजे एक त्रुटी. तेथून खिडकीच्या उन्हात दिसणारा धूलिकण, सशाच्या, मेंढीच्या व गाईच्या अंगावरील रज, लीख, मोहरी, जव, आणि सात जव म्हणजे बोटाचे एक पेर. सातांच्या या दहा पायऱ्या. पुढे बारा पेरांची एक वीत, दोन वितींचा हात, चार हातांचे धनुष्य, हजार धनुष्यांचा मागधी क्रोश आणि चार क्रोशांचे योजन. आम्ही गुणाकार करून पाहिला. एका पेरात २८,२४,७५,२४९ परमाणुरज आणि एका योजनाच्या लांबीत १०,८४,७०,४९,५६,१६,००० परमाणुरज भरतात. या संख्येचे मूळ अवयव म्हणजे दहा दोन, एक तीन, तीन पाच आणि दहा सात. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या ९६८. असंख्येयाची वाटणी सातांत होत नव्हती. ही संख्या मात्र सातांत लागोपाठ दहा वेळा निःशेष वाटली जाते.

याच मापाने मोहरीच्या नगराचाही हिशेब होतो. पेरात ४९ मोहऱ्या, योजनात ३,८४,००० पेरे. म्हणून नगराच्या एका बाजूस १,८८,१६,००० मोहऱ्या. ही संख्या तीनदा गुणली की एकूण दाणे साडेसहा कोटिप्पकोटींहून अधिक होतात, आणि शंभर वर्षांस एक दाणा या हिशेबाने वर्षे त्याच्या शंभरपट. पालीतील उपमेला संस्कृत ग्रंथाचे माप लावल्याने हा केवळ अंदाज ठरतो. तरी उपमेमागे राशीचे भान होते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

येथेच ती तिसरी वाट खुणावू लागते. बोटाचे पेर सुमारे दोन सेंटिमीटर धरले तर परमाणुरजाची लांबी आधुनिक अणूच्या व्यासाच्या आसपास येते. एवढ्यावरून प्राचीनांना अणूचा आकार ठाऊक होता, असे सांगणारे लोक आहेत. आम्ही या मताशी सहमत नाही. ललितविस्तराच्या रचनाकारांनी सात हा गुणक मापन करून ठरविलेला नव्हता. त्याऐवजी आठ घेतले असते तर पेरात १०७ कोटींहून अधिक कण निघाले असते, आणि सहा घेतले असते तर केवळ सुमारे ६ कोटी. ज्या उत्तरामागे प्रयोग नाही, ते बरोबर निघाले तरी ज्ञान ठरत नाही, योगायोग ठरतो. ज्या दंभाविरुद्ध बाबासाहेबांनी आयुष्यभर लेखणी चालविली, तो दंभ आपल्या ग्रंथांच्या नावाने आपणच जोपासावा, हे शोभणारे नाही. या संख्यांचे मोल निराळे आहे. डोळ्यांना दिसते त्याच्या खाली आणि वर, नियमित पायऱ्यांनी, विचार पोहोचू शकतो, ही श्रद्धा त्यांत आहे. आणि ती श्रद्धा तपासून पाहता येते.

लेण्यांतील आकडे

ग्रंथांत असंख्येय मोजणारे संघ प्रत्यक्षात काय मोजत होते? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच खडकावर कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका निकायात दरमहा दरशेकडा १ या व्याजाने आणि १,००० दुसऱ्या निकायात पाऊण या व्याजाने ठेवले. पहिल्या ठेवीतून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. पडताळून पाहू : २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, आणि २४० भागिले २० म्हणजे बरोबर १२. याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५, असाही हिशेब आहे. तोही चोख जुळतो.

या लेखांतील आकडे ब्राह्मी पद्धतीचे आहेत. तीत दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे असतात. ७०,००० लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडतात. शून्य नाही आणि स्थानावरून किंमत ठरण्याची सोय नाही. या चिन्हांनी पाली असंख्येय्य लिहिणे शक्यच नव्हते. म्हणजे तोंडी संख्यानामे लेखनाच्या कितीतरी पुढे धावत होती. चिन्ह नसताना भिक्खूंनी संख्या नावांच्या मालेत धरून ठेवली, पाठांतराने पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिली, आणि आठ नावे गळाली तेव्हा गळाली असे सांगितले. दहापट, शंभरपट, कोटीपट अशा नियमित पायऱ्यांची ही सवय, आणि शून्यासह स्थानमूल्याची पद्धत, या दोन गोष्टी एकाच भूमीत वाढल्या, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

उपसंहार

आता विहारातील त्या मुलाकडे वळू. त्याला आम्ही असे सांगू : सुत्तांत असंख्येय म्हणजे मोजण्यास सोपे नसलेले. पुढे आचार्यांनी त्याला किंमत दिली, आणि निरनिराळ्या परंपरांत निरनिराळी दिली. त्यांतील प्रत्येक किंमत सांत आहे. तीत एक मिळविला तर तिच्याहून मोठी संख्या होते, आणि सातांत वाटली तर किती उरते हे तुला काढता येते. कल्पांच्या दंतकथेवर विश्वास ठेवणे तुझ्यावर बंधनकारक नाही. परंतु ज्या आचार्यांनी 'मोजता येत नाही' या शब्दाला थेट संख्येच्या रांगेत बसविले, त्यांचे धाडस तू ओळखले पाहिजेस. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर आणि अंक यांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी असंख्येय या शब्दापुढे नुसते हात जोडून थांबू नये. पाटी पुढे ओढावी.

मोजणीची एक शिकवण आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गातही आहे. आनापानस्मृतीचा आरंभ श्वास मोजून करावा, असे ते सांगतात. ती गणना पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. १ वर १४० शून्यांना नाव देणाऱ्या परंपरेने साधकाच्या हाती मात्र पाच ते दहा एवढेच अंक दिले आहेत. दहापर्यंत मोजावे, आणि पुन्हा एकापासून सुरू करावे.